भट्टीचं पाणी

नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी थर्मोस्टॅटवर बोट ठेवावंच लागतं. मग खाली बेसमेंटमध्ये काहीतरी खाकरतं, पंखा फिरायला लागतो आणि जमिनीतल्या गरम हवेच्या जाळ्यांमधून उन्हाळाभर साचलेल्या धुळीचा करपट वास घरभर पसरतो. न्यू जर्सीत लोकांना थंडीची चाहूल पानांवरून लागते. आमची मंडळीही सुट्टीच्या दिवशी गाड्या काढून डोंगरात जातात, लाल झाडाखाली जॅकेटं घालून दात काढतात आणि संध्याकाळपर्यंत तेच फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकतात. मला त्या झाडांचं काही वाटत नाही. मला हिवाळा कळतो तो बेसमेंटच्या जिन्यात. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, सुरू होऊन थोडा वेळ गेला की खालच्या पांढऱ्या पाइपातून पाणी ठिबकायला लागतं. एक थेंब, मग जरा थांबून दुसरा. त्या आवाजाने मला आजही चीड येते आणि मी हातातला चहा अर्धा ठेवून वर निघून येते.

फर्नेस पाणी गाळते हे मला नवी फर्नेस आली त्या हिवाळ्यापर्यंत माहीत नव्हतं. आमची जुनी फर्नेस गॅस जाळायची, घर तापवायची आणि उरलेला गरम धूर चिमणीतून सोडून द्यायची. उधळी बाई होती. नवी चिकट निघाली. ती त्या धुरातली ऊबसुद्धा पिळून घेते, इतकी की धुरातल्या वाफेचं पाणी होतं. ते पाणी तिच्या पोटातून काढून गटारापर्यंत नेऊन सोडायला दोन बोटं जाडीचा पाइप लागतो. सुरुवातीला त्याला एक वळसा, पुढे सबंध वाटेवर थोडासा उतार आणि शेवटी एक भोक. झालं. मोरीत पाणी तुंबलं तर घर डोक्यावर घेणाऱ्या बायकांच्या पोटी जन्मलेल्या, मोठमोठ्या डिग्र्या घेतलेल्या दोन पुरुषांना एवढं जमलं नाही.

त्यातला एक पुरुष माझा नवरा, मिलिंद. तो सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे, म्हणजे काय ते मी इतक्या वर्षांत विचारलेलं नाही. तो स्वभावाने गरीब आहे. त्याला कुणी ठामपणे काही सांगितलं की ते खरंच वाटतं. दुसरा पुरुष ठामपणे सांगणारा. प्रशांत. प्रशांत पुण्याचा, पण त्यात पुण्याचा काही दोष नाही. मीही पुण्याचीच आहे. आमच्या पिस्कॅटवेच्या मित्रमंडळींत एकही घर असं नाही जिथे प्रशांतने मार्गदर्शन केलेलं काहीतरी वाकडं लटकत नाही. कुणाकडे घरामागच्या लाकडी डेकची पायरी, कुणाकडे गॅरेजचं कपाट. तो कुठल्याही कामाचा व्हिडिओ दुप्पट वेगाने बघतो आणि अर्धाच बघतो. उरलेला अर्धा त्याच्या मते कॉमन सेन्स असतो.

फर्नेस बसवायला आलेल्या माणसाने जाताना मिलिंदला नीट सांगितलं होतं. मी तिथेच उभी होते. पाइपाला उतार ठेवा, बेसमेंटच्या जमिनीत मध्यावर गटाराचं तोंड आहे तिथपर्यंत न्या, आणि हे पाणी आंबट असतं, तेव्हा वाटेत चुनखडीच्या खड्यांची नळी बसवा म्हणजे त्याचा आंबटपणा मरेल. सगळं मीच करून देतो म्हणाला. मिलिंद मान डोलवत होता. मग त्याने प्रशांतला फोन लावला आणि प्रशांत म्हणाला की ही लोकं काहीही गळ्यात मारतात, ड्रेनचं आपण बघू. फर्नेसवाल्याने खांदे उडवले, तात्पुरती एक रबरी नळी जमिनीवरून त्या तोंडात सोडली आणि गेला. हे पाणी आंबट असतं, हे वाक्य माझ्या डोक्यात कुठेतरी पडून राहिलं, आणि नको तितका काळ पडून राहिलं.

आता बेसमेंट फिनिश करणं म्हणजे काय ते भारतात राहणाऱ्यांना कळायचं नाही. आमच्यात माणूस घर घेतो, मग गाडी बदलतो, मग बेसमेंट फिनिश करतो. मुंज, लग्न, षष्ट्यब्दी असं जे असतं तसंच हे. तळघरात लाकडासारखी दिसणारी प्लास्टिकची जमीन घालायची, भिंतीला भिंतीएवढा पडदा लावायचा, चामड्याच्या खुर्च्या आणायच्या आणि याला होम थिएटर म्हणायचं. मग लोकांना जेवायला बोलवायचं आणि बटाटेवडे गार होईपर्यंत त्यांना बेसमेंट दाखवायचं. बघणारे 'वॉव' म्हणतात आणि घरी जाताना गाडीत खुर्च्यांना नावं ठेवतात. मीही ठेवलेली आहेत. आमच्याकडे ही जमीन घालायची वेळ आली तेव्हा मधोमध गटाराचं ते तोंड आलं. प्रशांतने त्याच्याकडे बघून नाक मुरडलं. थिएटरच्या मध्ये भोक वाईट दिसतं म्हणाला. ते झाकून टाकलं. पाणी जायची घरातली एकमेव शहाणी जागा दोघांनी मिळून प्लास्टिकच्या लाकडाखाली गाडली आणि वर कॉफी प्यायले.

त्या वर्षी पावसाळ्यात माझ्या सासूबाई गेल्या होत्या. मिलिंद जाऊन आला आणि येताना अण्णांना, माझ्या सासऱ्यांना, घेऊन आला. अण्णा जालन्याकडचे. जिल्हा परिषदेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, उंच, काटक, बोलायला कमी. कायमचं राहायचं की परत जायचं ते संक्रांतीनंतर ठरवू, असं त्यांनी आल्याच दिवशी सांगून टाकलं. बाकी घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं, पण रोजच्या प्रत्येक गोष्टीमागे तो एकच प्रश्न उभा होता. मैत्रिणी मला कोपऱ्यात घेऊन, आवाज खाली आणून, कायमचे राहणार का गं, असं विचारायच्या. चेहऱ्यावर सांत्वन तयारच ठेवलेलं. त्यांना मी काय सांगणार? मला अण्णा राहायला हवे होते. या गावात मला सलग अर्धा तास सहन होणारं ते एकच माणूस होतं.

अण्णांची अडचण एकच होती. मी बसून खाणारा माणूस नाही, इथं माझं काय काम, हे ते दर दोन दिवसांनी म्हणत. भाजी चिरून देत, धुतलेले कपडे घडी करत, ते दहा मिनिटांत संपे. मग खिडकीशी उभे राहून समोरच्या गवतावर फवारे उडताना बघत. ते फवारे बघून त्यांना खरंच त्रास होई. जिथे उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत घागरी लागायच्या, तिथे आयुष्य काढलेला माणूस. तांदूळ धुतलेलं पाणी त्यांनी कधी मोरीत जाऊ दिलं नाही. मिलिंद दात घासताना नळ चालू ठेवतो. एकदा त्यांनी तो जाऊन बंद केला, तेव्हा मिलिंद तोंडात ब्रश ठेवूनच म्हणाला, "जाऊ दे हो अण्णा, इथे पाण्याला तोटा नाही."

"पाण्याला जाऊ दे म्हणू नाही," अण्णा म्हणाले. रागाने नाही. लहान मुलाला ताटातलं टाकू नये सांगतात तसं.

पाइपाचा शनिवार मला अजून वासासकट आठवतो. पाइप चिकटवण्याआधी लावायचं एक जांभळं औषध असतं, त्याचा डोक्यात जाणारा वास, आणि नव्या जमिनीवर पडलेले त्याचे जांभळे डाग, जे आता घराबरोबरच जातील. गटार गाडून झालेलं असल्यामुळे आता पाइप सबंध भिंतीच्या कडेने पार पलीकडच्या कोपऱ्यात न्यायचा होता, जिथे पावसाचं पाणी गोळा व्हायचा खड्डा आहे. एवढ्या लांब उतार द्यायचा तर पाइप पडद्याच्या भिंतीवर तिरका दिसणार. प्रशांतला ते चालेना. व्हिज्युअली ऑड दिसेल म्हणाला. त्याने भिंतीवर लाल किरण पाडणारं यंत्र आणलं आणि त्या रेघेवर पाइप बसवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तसूभरही खाली नाही आणि वर नाही. मी जिन्यात उभी राहून विचारलं की पाणी कुठल्या बाजूला जायचं आहे ते पाण्याला कसं कळणार. मिलिंदने प्रशांतकडे बघितलं. प्रशांत हसला आणि म्हणाला, "वहिनी, प्रेशरने जातं."

कुठलं प्रेशर? फर्नेसमधून थेंब पडतात. थेंबाला कसलं आलंय प्रेशर? पण हे मी कुणाला विचारणार होते? दोघांनी त्या पाइपासमोर उभं राहून एकमेकांचे फोटो काढले आणि ते ग्रुपवर पडले. खाली अंगठ्यांची रांग लागली. एकाही इंजिनियरने उताराचं विचारलं नाही, आणि आमच्या त्या ग्रुपवर इंजिनियर नसलेला पुरुष शोधून सापडणार नाही. पुढच्या आठवड्यात थंडी पडली. पाइप पाण्याने भरून तसाच आडवा राहिला, मग पाणी उलटं फर्नेसच्या पोटात शिरलं, पोटातून गुडगुड आवाज आला आणि फर्नेसने मुकाट्याने काम बंद केलं. सगळे घरात टोप्या घालून बसलो. प्रशांत आला, त्याने करवतीने फर्नेसपासून हातभर अंतरावर तो पाइप कापला आणि खाली आमची निळी प्लास्टिकची बादली ठेवली. सध्यापुरतं, म्हणाला. आमच्या लोकांनी पृथ्वीच्या कुठल्याही कोपऱ्यात काहीही बांधलं तरी शेवटी खाली एक बादली येतेच.

बादली रोज भरायची. कडक थंडीत सकाळ-संध्याकाळ भरायची. ती कोण उपसणार हे कुणी ठरवलं नाही, अण्णांनी उचलली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते बादलीसमोर स्टूल टाकून बसले होते आणि थेंब पडताना बघत होते.

"मीना, ही भट्टी पाणी देयलीय," ते म्हणाले. आगीतून पाणी निघतं याचं त्यांना कोण अप्रूप वाटत होतं. पाणी होतंही स्वच्छ. त्याला रंग नाही, वास नाही. हे कसलं पाणी, असं त्यांनी प्रशांतला विचारलं, आणि प्रशांतने, ज्याला माहीत नाही हे शब्द जन्मात उच्चारता आलेले नाहीत, सांगून टाकलं की अण्णा, हे डिस्टिल्ड वॉटर आहे, एकदम प्युअर, गाडीच्या बॅटरीत घालतात तसं. अण्णांनी मान हलवली. शिकलेला माणूस सांगतो आहे म्हटल्यावर त्यांनी ते पाणी मनात शुद्ध म्हणून जमा केलं.

त्यानंतरचे आठवडे त्या हिवाळ्यातले चांगले आठवडे होते. सकाळी अण्णा स्वेटरवर मफलर गुंडाळून खाली जायचे. बादली उचलल्याचा, मग बारीक धारेने पाणी पडल्याचा आवाज यायचा. कपडे धुवायच्या मशिनशेजारच्या सिंकमध्ये ओतत असतील असं मी धरून चालले. वर आल्यावर त्यांचा चेहरा कामावरून आलेल्या माणसासारखा असायचा. जेवताना बोलायला लागले होते. ईशाला, माझ्या मुलीला, त्यांनी विहिरीतून पाणी शेंदायची गाठ शिकवली. ती तिने मोबाइलच्या चार्जरवर बांधून बघितली. आणि एकदा पोळी मोडता मोडता ते म्हणाले की पुढच्या हिवाळ्यात आणखी एक बादली आणून ठेवू, म्हणजे भरली की बदलता येईल. पुढच्या हिवाळ्यात. त्या रात्रीच्या भाजीत मीठ जास्त पडलं आणि कुणी कुरकुर केली तरी मला काही वाटलं नाही.

आता कढीपत्त्याचं सांगायला हवं. आयसेलिनच्या एका देशी किराणा दुकानाच्या दारात उन्हाळ्यात काळ्या पिशवीत विकायला ठेवतात तसलं ते बोटभर रोप मी आणलं होतं, ईशा पाळण्यात होती तेव्हा. आता ते तिच्याहून उंच होतं. ज्यांनी इथे कढीपत्ता जगवलेला नाही त्यांना त्यातली गोम कळणार नाही. उन्हाळाभर त्याला डेकवर ऊन द्यायचं, थंडीची पहिली झुळूक आली की उचलून आत घ्यायचं आणि वसंतापर्यंत आजारी माणसासारखं सांभाळायचं. मराठी मंडळातल्या बायका माझ्याशी गोड बोलतात त्याचं अर्धं कारण ते झाड आहे. फोन करतात, इकडचं तिकडचं विचारतात आणि शेवटी, ए, थोडी पानं आहेत का गं? मी देते. देताना डहाळीला किती पानं ठेवायची ते माणूस बघून ठरवते. हिवाळ्यात ते झाड बेसमेंटच्या खिडकीशी, फर्नेसच्या बाजूला असायचं.

डिसेंबरात त्याच्या पानांच्या कडा करपल्या. मग पानं पिवळी पडून झडायला लागली. मी ग्रुपवर फोटो टाकायची चूक केली. बायकांनी एका सुरात सांगितलं की आंबट ताक घाल. कढीपत्त्याला आंबट ताक हा आमच्या लोकांचा एकमताने मान्य असलेला एकमेव विषय आहे. मी ताक घातलं. आणखी पानं झडली. मग एका दुपारी मी कपडे मशिनमध्ये टाकायला खाली गेले तर अण्णा कुंडीशी वाकून उभे होते. बादलीतून प्लास्टिकचा मग भरून, दुसरा हात आडवा धरून, एक थेंब बाहेर सांडणार नाही अशा बेताने त्या मुळांशी ओतत होते. झाड सुकायला लागलंय म्हणून हल्ली दोन वेळा देतो, म्हणाले. आणि फर्नेसवाल्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात उठून बसलं.

अण्णांना कळता कामा नये एवढंच मला सुचलं. हिवाळ्यात कढीपत्त्याला पाणी कमी लागतं असं काहीतरी सांगून बादली सिंककडे वळवायची, झाड छाटायचं, सगळं गुपचूप निस्तरायचं. पण आधी खात्री हवी होती. ईशा शाळेत केमिस्ट्री करत होती. तिला मी हळूच म्हटलं की पाण्याचा आंबटपणा बघायचा तो कागद घेऊन ये. कागद तिने आणला, पण अमेरिकेत वाढलेल्या पोरांना हळूच हा प्रकार ठाऊक नसतो. रविवारी सकाळी प्रशांत पोहे खायला आलेला, अण्णा टेबलाशी चहा बशीत ओतत बसलेले, आणि ही बया खालून वाटीत ते पाणी घेऊन आली, सगळ्यांसमोर कागद बुडवला आणि वर धरला. कागद केशरी झाला होता.

प्रशांतला सुचायला किती वेळ लागावा? तो म्हणाला, मग उत्तमच की, कढीपत्त्याला ॲसिडिक सॉइल आवडते, आपण ताक नाही का घालत, अण्णा, तुम्ही चालू ठेवा. त्याचा घास तोंडातच होता.

ईशा म्हणाली, "काका, नो. धिस इज ऑलमोस्ट व्हिनेगर. आजोबा इज किलिंग इट."

अण्णांना इंग्रजी समजत नाही असं आमच्या घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. त्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी बघायला नको होतं, पण मी कुंडीच्या दिशेला, जिन्याकडे बघितलं आणि त्यांना उरलेलं समजलं. मिलिंद घाईघाईने म्हणाला की नाही हो, थंडीनेही झडतात पानं. प्रशांतने पोह्यांवर लिंबू पिळलं. "जाऊ दे हो अण्णा," तो म्हणाला, "एक झाडच तर आहे. इंडियन स्टोअरमध्ये पाकिटात मिळतात पानं." मला त्या क्षणी त्याचा जो तिटकारा आला तो मी आजवर उतरू दिलेला नाही. चांगला जपून ठेवला आहे. माणूस चुकतो, मला त्याचं काही नाही. पण आपल्याच सांगण्याने जे मेलं त्याच्यावर लिंबू पिळत जाऊ दे म्हणायला वेगळीच कातडी लागते.

अण्णांनी कपबशी नेहमीसारखी थोड्याशा पाण्यात विसळली आणि वर खोलीत गेले. बादली त्यांनी सोडली नाही. ती दुसऱ्या दिवसापासून ते सिंकमध्ये ओतायला लागले. मी एकदा बघितलं. ओतताना ते दुसरीकडे, मशिनवरच्या डब्यांकडे बघत होते. कुंडीजवळ गेले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात हा शब्दही पुन्हा काढला नाही. त्या घरात सगळेजण त्यांच्याशी फार चांगलं वागत होते. मिलिंद त्यांना जुनी गाणी लावून द्यायचा, ईशा सॉरी म्हणून गळ्यात पडली, मैत्रिणी म्हणाल्या, अण्णा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जो तो त्यांना माफ करत सुटला होता. प्रशांत सोडून. त्याला माफ करण्यासारखं काही घडलंय हेच आठवत नव्हतं.

संक्रांतीचे तिळाचे लाडू संपले आणि अण्णांनी मिलिंदला तिकीट काढायला सांगितलं. मिलिंद लगेच हो म्हणाला, कारण त्याला कुणी ठामपणे सांगितलं की तो हो म्हणतो. मी दुपारी त्यांच्या खोलीत गेले. ते पलंगावर बसून स्वेटरची बटणं लावत होते. मी आयुष्यात कुणाची मनधरणी केलेली नाही, पण तेव्हा केली. "अण्णा, राहा," मी म्हटलं. "झाडाचं राहू द्या. मला तुम्ही हवे आहात."

शेवटचं बटण लावून ते म्हणाले, "तिकडं असं झालं असतं ना मीना, तर तुझी सासू आठ दिवस बोलली नसती माझ्याशी. शेजारचा बोलला असता, अख्खी गल्ली बोलली असती. इथं कुणी रागवत सुद्धा नाही. हे असं मला जमत नाही."

मी रागावायला हवं होतं की काय, असं कधीकधी वाटतं. पण ज्याच्यावर राग आहे त्याला सोडून दुसऱ्यावर रागवायची कला मला येत नाही.

अण्णा गेले. विमानतळावरून आल्यावर मिलिंद थेट झोपला, मी झोपले, आणि बादली कुणाच्याही डोक्यात नव्हती. सकाळपर्यंत ती भरून वाहिली आणि ते एकदम प्युअर पाणी होम थिएटरच्या प्लास्टिकच्या लाकडाखाली शिरलं. जमीन पोळीसारखी फुगली. चामड्याची एक खुर्ची तिरकी झाली. मला इतका आनंद त्या बेसमेंटने त्याआधी कधी दिला नव्हता. मिलिंदने या वेळी प्रशांतला न विचारता एका प्लंबरला बोलावलं. त्याने च्युइंगम चघळत मधली जमीन कापली, गटाराचं तोंड उघडं केलं, चुनखडीची नळी बसवली आणि उतार देऊन पाइप त्यात सोडला. काम नीट झालं. थिएटरच्या बरोबर मधोमध आता एक भोक आहे आणि लोक आले की मी त्यांना ते आवर्जून दाखवते.

मेमध्ये त्या झाडाचा वाळका दांडा मी डेकवर नेऊन ठेवला होता, टाकायचा म्हणून. टाकायला मला मुहूर्त मिळेना. मग एका सकाळी मातीतून, दांड्यापासून दूर, तांबूस रंगाचा एक कोंब वर आला. मग दुसरा. कढीपत्ता असा मुळातून परत येतो म्हणे. मी फोटो अण्णांना पाठवला. त्यांनी दोन हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि पुढे काही लिहिलं नाही. त्याच उन्हाळ्यात कुणाच्या तरी बार्बेक्यूला प्रशांत शेगडीसमोर उभा राहून चार जणांना सांगत होता की कढीपत्त्याला फर्नेसचं पाणी घाला, ॲसिडिक असतं, मीनावहिनींचं झाड बघा कसलं फोफावलंय. ऐकणारे मान डोलवत होते. एकाने ते फोनमध्ये लिहूनही घेतलं. त्या दिवसापासून प्रशांतच्या घरी माझी पानं बंद आहेत. त्याची बायको भली आहे, तिच्यासाठी वाईट वाटतं, पण इलाज नाही.

तेव्हापासून अण्णा आलेले नाहीत. दर रविवारी फोनवर भेटतात, पडद्यात कपाळ जास्त आणि तोंड कमी. या नोव्हेंबरात फर्नेस सुरू झाली त्या सकाळीही त्यांचा फोन आला होता. तिकडे यंदा पाऊस बेताचाच, नळाला चार दिवसांनी पाणी येतं म्हणाले. बोलता बोलता खाली थेंब पडायला लागले आणि मी जिन्याचं दार लावायच्या आत ते त्यांना ऐकू गेले असावेत. भट्टी सुरू झाली का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

"आता ते पाणी कुठं जातं?"

दुसऱ्या कुणाला मी काहीही सांगितलं असतं. "गटारात जातं, अण्णा," मी म्हटलं. "सगळं वाया."

मला वाटलं, आता ते बोलतील. चार दिवसांनी पाणी बघणारा माणूस, काहीतरी बोलेलच. मी वाट बघत राहिले. खरं तर मला ते बोलायला हवे होते. खाली थेंब पडत होते आणि पडद्यावरचं ते कपाळ जरासुद्धा हललं नाही.

"जाऊ दे," अण्णा म्हणाले.